आरशांपर्यंत

अलकापुरीतल्या शोरूममध्ये एसी एवढा गार
की आत शिरताच जुईनं डायपर भरला.
म्हणून नवी गाडी आम्ही आधी आतून पाहिली :
प्लास्टिक न काढलेल्या सीटवर ही आडवी,
माझ्या तोंडात ओल्या रुमालांचं पाकीट,
आणि भाविनभाई, नजर छताला लावून,
सांगताहेत, बेन, मागच्यांनाही वेगळा एसी.

सात जणांची गाडी. आम्ही साडेचार.
त्यातली अर्धी ही, जिची खुर्ची दोघांची जागा खाते.
शेजारी आई बसल्या की
माझी एक मांडी मावते, दुसरी नाही.
बाबांचा वॉकर डिकीत गेला की बाबागाडी बाहेर,
बाबागाडी गेली की वॉकर.
दिवाळीत सुरतेला निघालो
तर चकल्यांचा डबा भरूचपर्यंत माझ्या पोटावर,
पुढे श्रीरंगच्या गिअरला टेकून.

श्रीरंग अ‍ॅव्हरेज विचारतो.
आई म्हणतात पांढरी घ्या, तापत नाही.
बाबा वॉकर टेकत चाकापाशी जातात, वाकता येत नाही,
उभ्यानंच विचारतात, जमिनीपासून किती उंच?
भाविनभाई पंजा पसरून दाखवतात, वर दोन बोटं.
या गावात हा प्रश्न कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

विश्वामित्री आली त्या रात्री
आमची लाल गाडी पार्किंगमध्ये उभी होती, आरशांपर्यंत.
दुसऱ्या मजल्यावरून दिसत होता तिचा टप
आणि टपावर कुणाची तरी एक चप्पल.
वॉचमन म्हणतो मगरही होती.
आम्ही पाहिली नाही, पण सांगतो सगळ्यांना.
जुई तेव्हा पोटात, सातवा महिना,
आणि मी विमा कंपनीला फोन लावत जिन्यात बसलेली.

जुईला यातलं काही नको.
तिला हवंय आपोआप उघडणारं दार.
ती जाते, दार सरकतं. ती मागे येते, दार मिटतं.
परत, म्हणते ती. परत.
सव्वाचौदा लाखांवरून चौदावर यायला आम्हाला तासभर लागला,
तेवढ्यात तिनं ते दार फुकटात
निदान चाळीस वेळा चालवलं.

रविवारी लाल गाडी बघायला
मकरपुऱ्याहून एक जोडपं आलं, स्कूटरवर.
सकाळीच मी ब्रश घेऊन बसले होते :
जुईच्या खुर्चीखाली मुरमुरे, एक मोजा,
आणि रुळाच्या खाचेत तो गाळ,
वाळून मैद्यासारखा झालेला.
तो काढला. मग थोडा उरलाय असं वाटलं, तो राहू दिला.

त्यानं बॉनेट उघडलं.
तिनं पायाखालची चटई उचलून वास घेतला.
मग सरळ माझ्याकडे बघून,
पाणी भरायेलुं?

विचारलं तर सांगू, असं आदल्या रात्री ठरलं होतं.
तरी श्रीरंग इंजिनाकडेच बघत राहिला,
जणू उत्तर त्यानं द्यायचं.
मी हात कमरेच्या वर नेऊन दाखवलं. एवढं.
इंजिन खोललं होतं, वायरिंग नवं, बिलं आहेत.
दमट दिवशी एसीतून अजून नदी येते
हेही सांगून टाकलं.
वीस हजार तिथल्या तिथे उतरले.
ती मात्र हसली. अमारे तो फ्रिज तरतुं तुं,
म्हणाली, आमचा तर फ्रिजच तरंगत होता,
आणि चावी नवऱ्याच्या आधी तिनंच घेतली.

निघताना बाबांचे दोन्ही हात वॉकरवर,
त्यांनी मान हलवली तेवढी.
जुईनं पाळणाघरातला आपला एकमेव निरोप काढला :
आवजो.
जाणाऱ्याला 'या' म्हणणारा हा शब्द
आमच्या घरात चार पिढ्या नुसता ये-जा करतोय,
मी कधी थांबून ऐकला नव्हता.

फाटकाशी तिनं इंडिकेटर लावायला दांडी ओढली
आणि कोरड्या काचेवर
वायपर दोनदा हलले, खरखरत.

परत, म्हणाली जुई.